‘पोहोच’ म्हणजे नेमकी कुठवर? सोलापूरच्या खडी-मुरूमवाल्यांना आणि टिपरमालकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि आसपासचे क्रशरमालक, बांधकाम साहित्याचे पुरवठादार, टिपर आणि ट्रॅक्टरमालक यांना,

स. न. वि. वि.

फोन उचलला की तुमचं वाक्य ठरलेलं असतं : “अमुक रुपये ब्रास, पोहोच.” ब्रास हे खडी-वाळूचं माप, आणि पोहोच म्हणजे गाडीभाड्यासकट भाव. हा ‘पोहोच’ शब्द मी स्वतः एका ट्रान्सपोर्टच्या पेढीवर मुनीम म्हणून एकवीस वर्षं वहीत लिहिला. सिमेंट, साखर, पेंड, कधी कोळसा. मालापुढे गावाचं नाव आणि गावापुढे पोहोच. त्या एका शब्दात काय काय दडवता येतं हे मला चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाईक म्हणून तो अंगावर आला तो मात्र गेल्या वर्षी, मुलीच्या घराचं काम काढलं तेव्हा.

प्लॉट जुळे सोलापूरच्या पुढे, नव्या वस्तीत. दहा टायरची गाडी सांगितली होती. चार ब्रास वीस एमएम खडी, भाव पोहोच. वेळ नऊची दिली आणि गाडी साडेअकराला आली. त्याची तक्रार नाही, क्रशरवर, म्हणजे खडी फोडतात तिथे, लाईन असते हे मी जाणतो. गाडी वळणावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, वरच्या वायरी पाहिल्या, कोपऱ्यावरच्या घराने रस्त्यात काढलेला ओटा पाहिला आणि म्हणाला, “मामा, आत जात नाही की गाडी. हितंच सोडतो.” मी म्हणालो, “अरे, पोहोच ठरलंय.” तो म्हणाला, “पोहोचलो की मी!”

यात खोटं काय होतं? तो पोहोचलाच होता. खडी कोपऱ्यावर पडली, प्लॉटपासून शे-सव्वाशे पावलांवर. मग ट्रॅक्टर बोलावला, चार माणसं लावली, दिवस गेला, आणि रस्त्यात खडी सांडली म्हणून शेजारच्या ताईंचे बोल ऐकले ते वेगळेच. खडीच्या भावावर २,३०० रुपये जास्तीचे गेले. पुरवठादाराला फोन लावला तर म्हणाले, “साहेब, गल्ली अरुंद आहे हे तुम्ही आधी सांगायचं ना.” त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. मी सांगितलं नव्हतं. पण त्यांनीही विचारलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कारण जे माझ्या बाबतीत झालं ते कुठल्याही पेढीवर रोज होतं. माझं मागणं एवढंच आहे : मालाचा भाव वेगळा सांगा, गाडीचं भाडं वेगळं सांगा, आणि ते भाडं कसं काढलं ते गाडी भरायच्या आधी सांगा.

आता आधी ब्रासचं बोलतो, कारण भाडं ब्रासवर लावता आणि ब्रासच मुळात डळमळीत आहे.

शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, हे गवंड्याच्या पोरालाही पाठ असतं. दुसरी गाडी आली तेव्हा मी टेप घेऊन उभा राहिलो. ड्रायव्हर हसला, पण टेपचं दुसरं टोक धरलं त्यानंच. हौद्याची आतली लांबी चौदा फूट, रुंदी साडेसात, फाळक्यापर्यंत, म्हणजे हौद्याच्या काठापर्यंत, उंची साडेतीन. गुणाकार ३६७ घनफुटांच्या थोडा वर जातो. म्हणजे गाडी काठोकाठ भरली तरी पावणेचार ब्रासलाही कमी पडते. पुरे चार ब्रास व्हायला माल फाळक्याच्या वर जवळजवळ चार इंच हवा, तोही सगळीकडे सारखा. क्रशरवर लोडर शीग लावून भरतो हे खरं. पण वीस-बावीस किलोमीटर खड्ड्यांतून हादरत आलेली खडी बसते. मग भरणारा म्हणतो चार, उतरवून घेणारा म्हणतो साडेतीन, आणि दोघंही सिद्धरामेश्वरांची शपथ घ्यायला तयार असतात.

खडीचं तरी बरं. वाळूत आणि क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, याहून मोठी गोम आहे. वाळू जराशी ओली असली की दाण्यांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, दाणे एकमेकांपासून सुटे राहतात आणि ढीग फुगतो. पाच-सहा टक्के ओल असेल तर माप वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढू शकतं. बारीक वाळूत तर त्याहूनही जास्त. म्हणजे ब्रासने घेतलेल्या ओलसर वाळूत पाचवा-सहावा हिस्सा हवाच असते. तीच वाळू वजनकाट्यावर घेतली तर पाण्याचं वजन पाच-सहा टक्के, फसगत झाली तरी तेवढीच. आमच्या पेढीवर साखरेचं पोतं कुणी टेपने मोजलं असतं तर मालकानं मला घरी पाठवलं असतं. मग वाळू-खडी अजून टेपवर का?

खरं तर २००९ चा वैध मापन शास्त्र कायदा प्रमाणित एकक सोडून दुसऱ्या एककात भाव सांगायलाच मनाई करतो. ब्रास हे काही प्रमाणित एकक नाही. पण तुम्हाला एकट्याला बोल का लावू? २०२३ च्या वाळू धोरणात सरकारनेच वाळूच्या सरकारी डेपोवरचा भाव ब्रासला ६०० रुपये असा गाजवला. त्याच्या जोडीला टनाला १३३ रुपये असंही दिलेलं होतं. भागाकार करून बघा, ब्रासचे साडेचार टन येतात. म्हणजे ब्रास आणि टन यांची सांगड सरकारने घालून दिलेली आहे, तुम्ही ती पावतीवर लिहायची तेवढी बाकी आहे. क्रश सँड याहून थोडी जड भरते, कोरडी खडी थोडी हलकी. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्या ६०० रुपयांवरून आठवलं. आमच्या कट्ट्यावरची अर्धी मंडळी महिनाभर वाट बघत होती की ६०० रुपयांत ब्रासभर वाळू दारात येणार. भाव डेपोवरचा आहे, गाडीभाडं ज्याचं त्याने द्यायचं, हे वाक्य कुणी वाचलंच नव्हतं. नदीकाठापासून सोलापूरपर्यंतचं अंतर मनात धरा आणि मग सांगा, त्यात माल महाग की रस्ता? लोकांना हे कळत नाही, कारण ‘पोहोच’ भावाने आपण त्यांना कधी कळूच दिलेलं नाही.

आता भाड्याचा हिशेब. हे मी बोटांवर करत आलोय, तरी इथे लिहून ठेवतो. आकडे माझे ठोकताळे आहेत, तुमच्या गाडीचे थोडे इकडे-तिकडे असतील.

धरा, क्रशर प्लॉटपासून बावीस किलोमीटर आहे. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी, एकूण चव्वेचाळीस. भरलेली दहा टायरची गाडी लिटरला तीन किलोमीटर देते, रिकामी साडेचार. म्हणजे जाताना सव्वासात-साडेसात लिटर, येताना पाच. सव्वाबारा लिटर डिझेल, हिशेबाला ९० रुपये धरले तर ११०० रुपये. टायर, ऑइल, पाटे, ग्रीस यांचा किलोमीटरला बारा रुपये खर्च धरला तर सव्वापाचशे. इथवर गिऱ्हाईकालाही समजतं. त्याची समजूत इथेच थांबते आणि तो म्हणतो, “सोळाशे रुपयांच्या खर्चाला तीन हजार भाडं? लुटालूट आहे.”

त्याला जे दिसत नाही ते उभ्या गाडीचं. बँकेचा हप्ता, विमा, टॅक्स, फिटनेस, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार. गाडी हलली काय आणि न हलली काय, महिन्याचे सव्वा लाख रुपये उभे असतात असं धरा. महिन्याला पंचवीस दिवस काम मिळालं तर दिवसाला पाच हजार. दिवसात चार खेपा झाल्या तर खेपेला साडेबाराशे. तीनच झाल्या तर सोळाशे साठ-सत्तर. दोन झाल्या तर अडीच हजार. डिझेल खेपेला तेवढंच जळतं, पण उभ्या खर्चाचा वाटा खेपा घटल्या की दुप्पट होतो. म्हणून बावीस किलोमीटरच्या अंतरासारखाच गल्लीच्या तोंडाशी घालवलेला दीड तासही महागात पडतो. मुनीम म्हणून मला हे पहिल्या वर्षी उमगलं नव्हतं. एका पंजाबी ड्रायव्हरने शिकवलं. तो म्हणायचा, गाडी चालते तेव्हा डिझेल खाते आणि उभी राहते तेव्हा मालकाला खाते.

या हिशेबाने वरच्या खेपेचा खर्च २,९०० च्या आत-बाहेर बसतो. त्यावर तुमचं चार पैसे सुटणं आहेच, ते सुटलेच पाहिजेत. बत्तीसशे-तेहेतीसशे भाडं झालं तर चार ब्रासला भागून ब्रासमागे आठशेच्या आसपास पडतं. हेच अंतर दोन ब्रासच्या सहा टायरच्या गाडीने काढलं तर खेपेचं भाडं कमी दिसेल, पण ब्रासमागे ते हजाराच्या घरात जाईल. आणि नेमकं हेच गिऱ्हाईकाला समोर मांडून हवं असतं. माझ्या मुलीच्या गल्लीत छोटी गाडी थेट प्लॉटवर आली असती. ब्रासला दोनशे जास्त, चार ब्रासचे आठशे. मी मोठ्या गाडीने आठशे वाचवले आणि ट्रॅक्टरला-माणसांना तेवीसशे दिले. हिशेब समोर असता तर एवढा मूर्खपणा मी केला नसता. निदान मुनीम असताना तरी केला नसता.

मुरुमाचं तर बोलायलाच नको. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया घ्यायचा तर काळी उपसून मुरूम भरावा लागतो. तीस बाय चाळीसच्या जागेत तीन फूट भराव म्हटलं तर ३,६०० घनफूट, छत्तीस ब्रास. पण ते दाबून बसलेलं माप. रोलर फिरला, पाणी मारलं की सैल मुरूम वीस टक्क्यांनी तरी खाली बसतो, म्हणून आणताना पंचेचाळीस ब्रास आणावा लागतो. चार ब्रासच्या अकरा-बारा गाड्या. मुरूम मातीमोल असतो, पैसे सगळे गाडीचे. अशा मालाला ब्रासचा एकच ‘पोहोच’ भाव सांगणं म्हणजे गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला घाट चढवणं आहे. जवळची खाण कोणती, तिथला मुरूम कसा, दहा किलोमीटर लांबचा चांगला मुरूम घेतला तर बारा खेपांचं किती वाढेल, हे त्याला ठरवता आलं पाहिजे.

तुमची बाजूही मला दिसते. आम्ही गिऱ्हाइकं काही सोवळी नाही.

“गाडी येतेच आहे तर अजून दोन ब्रास टाका की,” हे वाक्य मी आमच्याच बिगारी ठेकेदाराच्या तोंडून ऐकलंय. दहा टायरच्या गाडीचं एकूण वजन कागदावर अठ्ठावीस टनांच्या आसपास, रिकामी गाडी साडेदहा. चार ब्रास भरले की साडेचारच्या हिशेबाने अठरा टन माल, गाडी जेमतेम मर्यादेवर. सहा ब्रास टाकले तर नऊ टन जास्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचा दंड २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,०००. म्हणजे अडतीस हजार, शिवाय जादा माल रस्त्यातच उतरवायचा. ब्रासमागे दोनशे वाचावेत म्हणून हा जुगार खेळायचा, आणि सापडला तर ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडायची. जो पुरवठादार ‘चार ब्रासच्या वर भरत नाही’ म्हणतो त्याला आपण महाग म्हणतो, आणि जो शीग लावून पाठवतो त्याला दिलदार. ही सवय तुम्ही लावलीत की आम्ही, हा वाद कट्ट्यावर घालू. पण खेपेचं भाडं आणि टनाचा भाव वेगवेगळा लिहिला की जास्त भरण्यात कुणालाच फारसं गोड उरत नाही.

दुसरं, आम्ही जागा दाखवत नाही. गाडीला वळायला किती जागा लागते, हौदा उचलला की तो किती उंच जातो, वर वायर आहे का, पावसात प्लॉटवर गाडी घालायची का, यातलं काहीही न सांगता आम्ही फक्त ‘अमुक मंदिराच्या मागे’ म्हणतो. गेल्या जुलैत आमच्याच वस्तीत एक टिपर काळ्या मातीत रुतला. मागची चाकं अर्धी आत. जेसीबी बोलावून ओढला, तोवर संध्याकाळ झाली. जेसीबीचे पैसे कुणी द्यायचे यावरून घरमालक आणि टिपरवाला तासभर एकमेकांवर ओरडत होते. शेवटी निम्मे-निम्मे केले. मला विचाराल तर घरमालकाचे सगळे होते, ‘आत आण, काही होत नाही’ असं तोच म्हणाला होता. पण हे आधी कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

साखर पेठ, पाच्छा पेठ, मंगळवार पेठेत जुनं घर पाडून नवं बांधणाऱ्यांची तर आणखी तऱ्हा. तिथे मोठी गाडी जायचा प्रश्नच नाही, शहरात जड वाहनांना वेळेचं बंधन वेगळं, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की रस्ते बंद. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या दारात रांगेत, म्हणून शहरात ट्रॅक्टरचं भाडं चढतं. हे सगळं तुम्हाला पाठ असतं आणि आम्हाला दर वेळी नव्यानं कळतं, तेही बिल आल्यावर.

उसाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. साखर कारखान्यांचा हा जिल्हा. शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापली जाते, आणि ती कित्येकदा सरासरीने, म्हणजे तिथे कारखान्याच्या कुंपणाला लागून शेत असलेलाही लांबच्या फडाचं भाडं भरतो. यावर किती बोंब होते ते आपण दर हंगामात वाचतो. पण निदान त्या कपातीचा आकडा वेगळा कळतो, म्हणून तर बोंब मारता येते. तुमच्या ‘पोहोच’ भावात क्रशरला खेटून घर बांधणारा आणि वीस किलोमीटर लांबचा एकाच भावात येतो, किंवा येत नाही, हे तुम्हीच जाणे. कागदावर काहीच नाही, मग विचारणार काय?

मी फार मोठं काही मागत नाही. ऑर्डर घेताना तीन-चार गोष्टी विचारा : रस्ता किती रुंद, वायर किती उंच, गाडी उतरवायची ती जागा पक्की आहे की काळी, आणि कोणत्या वेळेत गाडी आत येऊ शकते. मग सांगा की क्रशरवर माल टनाला इतका, रॉयल्टी, म्हणजे सरकारला भरायचे पैसे, इतकी, खेपेचं भाडं इतकं, आणि त्या भाड्यात उतरवायला अर्धा तास धरलाय. त्याच्या वर थांबावं लागलं तर तासाला इतके. हे थांबण्याचे पैसे मागायला तुम्ही लाजता, मला कळत नाही का. न मागता ते तुम्ही पुढच्या गिऱ्हाईकाच्या ब्रासमध्ये घालता, आणि ज्याची गल्ली रुंद, ज्याची माणसं तयार, तो दुसऱ्याच्या ढिलाईचं भाडं भरतो. उलट दहा मिनिटांत गाडी मोकळी करणाऱ्याला दोनशे रुपये कमी करून बघा. वस्तीत तुमचं नाव होईल.

काट्याची पावती गाडीसोबत द्या. रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन, दोन्ही. काट्याला लागतात ते पैसे बिलात लावा, कुणी नाही म्हणणार नाही. आणि कमीत कमी भाडं किती, ते पेढीवर पाटी लावून ठेवा. अर्धा ब्रास प्लास्टरची वाळू मागवणाऱ्या म्हातारीला गाडीचं भाडं मालापेक्षा जास्त का, हे फोनवर समजावत बसण्यापेक्षा पाटी बरी. तिलाही मग कळेल की शेजारणीसोबत मिळून एकच खेप मागवली तर भाडं निम्म्यावर येतं.

‘असं सुट्टं सुट्टं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल’ ही तुमची भीती मला ठाऊक आहे. पेढीवर आमचे मालकही हेच म्हणायचे. काही जातील. जो फक्त ब्रासचा आकडा ऐकतो तो जाईलच, आणि कोपऱ्यावर खडी पडली की परत फोन करेल, माझ्यासारखा. पण तुमच्यातल्या दहा जणांनी एकाच दिवशी हे सुरू केलं तर जाणार कुणाकडे? आजवर भाव वाढवायचा असला की तुम्ही एका दिवसात एकत्र येता, हे सगळ्या शहराने पाहिलंय.

असो. मुलीच्या घराचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. माझी ऑर्डर मी इथेच देऊन ठेवतो : प्लास्टरची क्रश सँड, नऊ टन, काट्यावर. रस्ता साडेअकरा फूट, डांबरी, शेवटचे तीस फूट मुरमाचे पण दाबलेले. वळणावर ओटा आहे, त्यामुळे सहा टायरचीच गाडी. वायर जमिनीपासून सतरा फुटांवर, म्हणून हौदा पूर्ण उचलायचा झाला तर डाव्या हाताला लिंबाच्या झाडापलीकडे. उतरवायला दोन माणसं फावडी घेऊन उभी असतील. सकाळी सात ते साडेआठ कधीही चालेल, त्यानंतर शाळेच्या रिक्षा सुरू होतात. माल टनाला किती आणि खेपेचं भाडं किती, ते वेगवेगळं कळवावं.

आपला,
एक जुना मुनीम, सोलापूर